अडीचशे अंशांची हिरवी रेघ

१

मास्तर भर उजेडात हवेत हात मारत होते आणि आम्ही दारात उभे राहून बघत होतो.

सकाळचे पावणेअकरा वाजले होते. चाचणीच्या खोलीत तिन्ही खिडक्यांतून ऊन आलं होतं. धूर नव्हता, ज्वाळा नव्हती. साठीचा एक माणूस स्वतःच्या छातीवर, मांड्यांवर थापा मारत गोल फिरत होता आणि त्याच्या तोंडून निघणारा आवाज माणसाचा वाटत नव्हता. माझ्या पाठीमागून कोठीवाले मामा म्हणाले, "अगं, मास्तरांना फेफरं आलं की काय?"

मी धावले. त्यांना सावरायला बाहीवर हात ठेवला आणि माझा तळहात सोलून निघाला.

"आग आहे, बाजूला व्हा!" असं कुणीतरी ओरडलं. दाराजवळ पाण्याची भरलेली बादली कायम असायची. ती उचलून जावईबापू आमच्या शेजारून पुढे गेले, मग वळले आणि मास्तरांच्या अंगावर पाणी ओतलं. त्यानंतर मास्तर खाली बसले, अगदी सावकाश, दमलेला माणूस पायरीवर बसतो तसे.

आमच्या कारखान्यात छोट्या विमानांची इंजिनं बनत. हौशी लोक मैदानात उडवतात ती, हातभर पंखांची विमानं. त्यांचं इंजिन मुठीत मावतं, पण त्याच्या अंगात जनावराचा जोर असतो. ते मेथॅनॉल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालतं. मेथॅनॉल पेटलं की उन्हात त्याची ज्वाळा दिसत नाही. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं. तरी त्या दिवशी आम्ही उभे राहून बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर गेले, आणि नऊच्या सुमाराला पोलीस माझ्या दादाला घेऊन गेले.

२

इंजिन चालवून बघणं हे दादाचं काम होतं. माझं काम खडूंचं. म्हणून मला सगळे खडूताई म्हणत.

ते खडू शाळेतले नव्हेत. प्रत्येक खडू ठरावीक तापमानाला वितळतो. पांढरा शंभर अंशांना, पिवळा दीडशेला, तांबडा दोनशेला, हिरवा अडीचशेला, निळा तीनशेला. इंजिन सुरू करण्यापूर्वी सायलेन्सर, म्हणजे धूर बाहेर टाकणारी ती फुगीर नळी, मी स्पिरिटच्या फडक्याने पुसायची आणि तिच्यावर पाच रेघा ओढायची. इंजिन चालून गार झालं की रेघा वाचायच्या. वितळलेली रेघ काचेसारखी चकाकते, न वितळलेली रखरखीत राहते. सायलेन्सर किती तापला ते त्यावरून कळतं. मास्तर चाचणीचे प्रमुख आणि त्यांचा नियम कडक होता. अर्धा तास खोलीत कुणी जायचं नाही, सगळं गार होऊ द्यायचं, मग मास्तर स्वतः आत जाऊन रेघा वाचणार.

त्या दिवशी सव्वादहाला दादाने इंजिन बंद केलं. कानांतला आवाज निवेपर्यंत तो नेहमीसारखा पाण्याच्या टाकीशी जाऊन एकटाच उभा राहिला. मी कोठीत मामांकडे गेले. पावणेअकराला मास्तर आत गेले आणि दोन मिनिटांत ते सगळं झालं.

पोलिसांचा हिशोब सरळ होता. दादाने तापलेलं इंजिन तसंच सोडलं, शेजारी इंधन सांडलेलं होतं, सायलेन्सरच्या तापाने ते पेटलं. मास्तर गेले ते दादाच्या हलगर्जीपणाने.

मला मात्र वेगळीच भीती खात होती. माझं स्पिरिटचं फडकं. पुसून झालं की मी ते एप्रनच्या खिशात ठेवायची. त्या दिवशी ठेवलं होतं का? कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नव्हतं. डोळे मिटले की ते मला मेजावर दिसे, सायलेन्सरच्या अगदी जवळ. एप्रन घरी दाराच्या मागे खुंटीवर लटकत होता. खिशात हात घालायला किती वेळ लागतो? दोन दिवस मी त्या दारासमोरून भिंतीला चिकटून जात होते. फडकं खिशात नसेल तर आग माझ्यामुळे लागली, आणि दादा माझ्यासाठी कोठडीत बसलाय.

तिसऱ्या दिवशी विम्याचे साहेब आले.

३

त्यांना डावी भुवई नव्हती. तिथली कातडी गुळगुळीत होती, उकडलेल्या बटाट्यासारखी. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी ते उलटा हात पुढे करून हवा चाचपून बघत. मोठ्या साहेबांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, केबिनमध्येसुद्धा ते तसेच शिरले.

"माझं अक्षर मलाच लागत नाही," ते मला म्हणाले. "मी विचारीन, तुम्ही लिहा."

"पण साहेब, मी त्याची सख्खी बहीण आहे."

"म्हणून तर. चुकीचं लिहायला तुमचा हात धजणार नाही. आणि लिहिलंत तर मी वाचून बघणारच आहे."

पहिले कोठीवाले मामा. इंधन मिसळून देणं हे त्यांचं काम.

"मी एरंडेल पाजणारा माणूस, साहेब," मामा म्हणाले. "पोरांना पाजलं तर पळतात, इंजिनाला पाजलं तर उडतं. सव्वादहापासून ही पोरगी माझ्यासमोर बसून गाळणी धुवत होती. मी डबे भरत होतो. दोघंही तिथून हललो नाही."

"आरडाओरडा ऐकून तुम्ही दारात आलात. मग?"

मामांचा आवाज खाली आला. "बादली दारातच होती, काठोकाठ भरलेली. बापूंनी उचललीसुद्धा लगेच. तरी पाणी पडेपर्यंत फार वेळ गेला असं मला वाटतं. म्हातारपण असेल. तसल्या वेळी घड्याळाचा काटा सरकत नाही."

मग जावईबापू. मोठ्या साहेबांचे जावई, म्हणून कारखान्यात त्यांना हे नाव पडलेलं. नवा सायलेन्सर त्यांनी आखलेला होता, त्यांचा पहिलाच. इंजिनाला तो ज्या रबरी नळीने जोडायचा ती अडीचशे अंशांपर्यंतच टिकते. त्याच्या वर ताप गेला तर नळी सुटून तापलेला सायलेन्सर उडत्या विमानातून कुणाच्याही डोक्यात पडेल. दोन चाचण्यांत हिरवी रेघ वितळली होती. तिसऱ्यांदा वितळली तर सायलेन्सर भंगारात, असं मास्तरांनी मोठ्या साहेबांसमोर सांगितलं होतं. त्यावर मोठे साहेब जावयाकडे बघून एवढंच म्हणाले होते, "बघू, यांच्या हातून एक तरी गोष्ट धड होते का."

"तुम्ही कुठे होतात?" विम्याच्या साहेबांनी विचारलं.

"इथेच. वर, माझ्या या टेबलाशी."

"आग कशाने लागली असेल?"

"सायलेन्सर तापला होता, दुसरं काय? मी चालकाला, हिच्या भावाला, शंभरदा सांगितलंय, तापलेल्या भांड्याजवळ इंधन नको. फार वाईट झालं. मास्तर मला वडिलांसारखे."

मी खाली मान घालून लिहीत होते. टेबलावर पेन्सिलींचा डबा होता आणि पेन्सिलींत पाच खडू उभे होते. पुरवठादाराने नमुना म्हणून पाठवलेला दुसरा संच. चारांची टोकं कोरी होती, एकाचं घासलेलं. त्याचा रंग मला तेव्हा दिसला, पण त्याचा अर्थ लागला नाही.

"चला ताई," साहेब उठले. "आता ती खोली."

४

पोलिसांनी लावलेलं कुलूप निघालं. साहेबांनी उंबऱ्यावर उभं राहून उलट्या हाताने हवा चाचपली. आत काहीच नव्हतं, तरी मीही श्वास रोखला.

आग खालीच राहिली होती. फरशीवर आणि मास्तरांच्या अंगावर. छातीएवढ्या उंच स्टँडवरचं इंजिन, पुढच्या फिरत्या पंख्यासकट, जसंच्या तसं होतं. त्याचा प्लग पेटवायला बॅटरीचा चिमटा लागतो. तो भिंतीवरच्या खिळ्याला व्यवस्थित लटकत होता. इंजिनाने एकदा पेट घेतला की दादा चिमटा लगेच काढून तिथे लावायचा.

"रेघा वाचा," साहेब म्हणाले.

"पांढरी वितळली. पिवळी वितळली. तांबडी वितळली." मी थांबले. "हिरवी शाबूत. निळी शाबूत."

"म्हणजे दोनशे ते अडीचशेच्या मध्ये. जावईबापू पास झाले म्हणायचे."

मी तोंड सायलेन्सरच्या आणखी जवळ नेलं.

इंजिन चालू असताना एरंडेल बाहेर उडतं आणि तापलेल्या सायलेन्सरवर करपून बसतं. तपकिरी थर होतो, वॉर्निशसारखा, नखानेही न निघणारा, स्पिरिटनेच सुटणारा. माझ्या रेघा त्याच्या आधीच्या असतात, म्हणून तो थर रेघांवरही चढतो. निळी रेघ तशीच होती, तपकिरी पडद्याखाली मळकी. हिरवी मात्र स्वच्छ होती. तिच्या कडा थराच्या वर बसल्या होत्या.

ती रेघ माझी नव्हती. इंजिन चालून गेल्यावर कुणीतरी खरी रेघ पुसून तिथे नवी ओढली होती.

हे सांगावं तर पहिला प्रश्न काय येईल? खडू कुणाकडे असतात? खडूताईकडे. भाऊ कोठडीत आणि बहिणीने पुरावा बदलला. साहेब मात्र इंजिनाकडे बघत नव्हते, ते माझ्याकडे बघत होते.

"ताई, मला खडूंतलं काही कळत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पण घाबरलेला माणूस मला कळतो. मी स्वतः रोज घाबरतो. भावाला भेटून या. मग सांगावंसं वाटलं तर सांगा."

चौकीत दादा गजांपलीकडे बसला होता. दाढी वाढलेली. त्याने आधी शिपायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हात कसा आहे?"

"बरा आहे. दादा, इंधन तू सांडलंस का?"

"वेडी आहेस का? मी थेंब सांडत नाही." मग तो गजांजवळ तोंड आणून कुजबुजला, "खिसा बघितलास?"

मी नकारार्थी मान हलवली.

"तुझं फडकं चाचणीच्या खोलीत मागच्या दाराजवळच्या खिडकीत पडलं होतं. धावपळीत मी उचललं आणि तुझ्या खिशात कोंबलं. कुणाला दाखवू नकोस. शेगडीत घाल. मी काही बोलणार नाही, तूही बोलू नकोस."

म्हणजे दादाला वाटत होतं की आग माझ्या हातून लागली.

५

घरी येऊन मी दार ओढून घेतलं. एप्रन समोर लटकत होता. कुणीतरी दाराआड उभं असल्यासारखा तो मला वाटला. भाजलेल्या हाताला पट्टी होती, म्हणून डावा हात खिशात घातला.

फडकं हाताला लागलं. बाहेर काढलं, उलगडलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

मधोमध हिरवा डाग होता. चांगला बोटभर लांब, चकाकणारा.

मी पुसते ती खडू लावायच्या आधी. माझ्या फडक्याला कधीच खडू लागत नाही. फडकं मी मेजावर विसरले होते, हे खरंच होतं. पण त्याच फडक्याने नंतर कुणीतरी वितळलेली हिरवी रेघ पुसली होती आणि जाता जाता ते मागच्या खिडकीत टाकलं होतं. त्याच वेळी तो पेन्सिलींचा डबाही डोळ्यांसमोर आला. टोक घासलेल्या त्या एका खडूचा रंग हिरवा होता.

दादा मला वाचवत होता, मी स्वतःच्या चुकीपासून पळत होते. आणि आम्हा दोघांच्या भीतीने मिळून तो एकच पुरावा तीन दिवस खुंटीला टांगून ठेवला होता.

मी फडकं घेऊन रस्त्याला लागले. चालत नव्हते, पळत होते. सारखं वाटत होतं की मागून कुणीतरी येतंय.

६

साहेबांनी सगळ्यांना चाचणीच्या खोलीतच बोलावलं. मोठे साहेब, जावईबापू, मामा आणि मी. दाराजवळ भरलेली बादली ठेवायला लावली.

"बापू," ते म्हणाले, "दोन कागद आहेत. एकावर लिहिलंय, माझा सायलेन्सर अडीचशे अंशांच्या वर जात नाही. सही कराल?"

"का नाही? रेघ समोर आहे."

"दुसऱ्यावर लिहिलंय, सायलेन्सरच्या तापाने इंधन पेटलं. हे तुम्हीच मला सांगितलंत. पण नुसत्या तापाने मेथॅनॉल पेटायला चारशेच्या वर जावं लागतं. दोन्हींवर सही कशी करणार?"

जावईबापूंनी पेन खाली ठेवलं. "मग आधी किती तापला होता कोण जाणे. खडू चुकत असतील."

"खडू चुकत नाहीत. ताई, सांगा."

मी थराबद्दल सांगितलं. फडकं मेजावर पसरलं.

"खरी हिरवी रेघ वितळली होती," साहेब म्हणाले. "पण निळी खरी आहे आणि शाबूत आहे. म्हणजे सायलेन्सर अडीचशेच्या वर गेला, तीनशेला पोचला नाही. तुमच्या नळीसाठी जास्त, आगीसाठी कमी. चालक सुटला. आता दुसरी गोष्ट. अडीचशेच्या वर तापलेल्या धातूवर हिरवा खडू टेकला तर लगेच वितळतो. नवी रेघ कोरडी उमटली, म्हणजे ती ओढली तेव्हा ताप उतरलेला होता, आणि अर्ध्या तासाने मास्तर आले तेव्हा इंजिन गारच होतं. बरोबर, ताई?"

"बरोबर."

"इस्पितळातल्या नर्सने मला सांगितलं, मास्तरांच्या उजव्या हाताच्या चार बोटांवर आडवा काप होता. भाजल्याचा नाही, मार लागल्याचा."

मामा एकदम म्हणाले, "पंखा उलटा बसला. इंजिनाने लाथ मारली."

"मास्तरांना सवय होती?"

"कायमची. कुठलंही इंजिन समोर आलं की पहिल्यांदा हाताने पंखा एकदा फिरवून बघायचे. माणसाची नाडी बघावी तसं."

"आणि गार इंजिन लाथ कधी मारतं?"

मामांनी खिळ्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. गार इंजिन आपण होऊन लाथ मारत नाही. त्याच्या प्लगला चिमटा लागलेला असावा लागतो.

"रेघ ओढणारा हुशार होता," साहेब पुढे म्हणाले. "त्याला दिसलं की नवी रेघ फार स्वच्छ आहे. इंजिन दोन मिनिटं मंद चालवलं तर तिच्यावरही तेल चढेल. त्याने चिमटा लावला, इंधन ओतलं. त्याला ते काम येत नव्हतं, त्याने फार ओतलं. सायलेन्सरच्या तोंडातून ते फरशीवर ठिबकू लागलं. इंजिन सुरू होईना. तेवढ्यात मास्तरांची पावलं वाजली. तो मागच्या दाराने निसटला आणि चिमटा तसाच राहिला. मास्तर आले, पंखा फिरवला. इंजिनाने लाथ मारली, तोंडातून ज्वाळा फेकली. उन्हात ती कुणाला दिसली नाही."

"कुणालाच नाही," जावईबापू म्हणाले. "मलाही नाही."

"मग 'आग आहे' असं कोण ओरडलं?"

"आम्ही फेफरं समजत होतो, आवाज तुमचाच होता, बापू," मामा म्हणाले. मोठे साहेब जावयाकडे बघत होते आणि जावई फरशीकडे.

"मी मारायला गेलो नव्हतो," जावईबापू शेवटी म्हणाले. "देवाशपथ. एक रेघ फक्त. एवढं एकदा जमलं असतं तर..." ते सासऱ्यांकडे बघून थांबले.

"ते मी मानतो," साहेब म्हणाले. "रेघेसाठी कुणी फासावर जात नाही. मला दुसरंच विचारायचंय. आग लागली तेव्हा चिमटा प्लगवर होता. लोकांनी बघितलं तेव्हा खिळ्यावर होता. तो कधी हलला?"

आणि मला आठवलं. मी भाजलेला हात धरून मास्तरांपाशी उभी होते. बादली उचलून जावईबापू आमच्या शेजारून पुढे गेले. पुढे गेले, मग वळले.

"ताई, करून दाखवा," साहेब म्हणाले. त्यांनी चिमटा प्लगला लावला. "मामा, तुम्ही मोजा."

मी बादली उचलली. स्टँडपाशी गेले, बादली टेकवली, चिमटा काढला, खिळ्याला लावला. खिळा लहान, पहिल्यांदा तो निसटला. पुन्हा लावला. बादली उचलून वळले.

"अकरा," मामा म्हणाले, आणि भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडू लागले.

जावईबापूंनी डोळ्यांवर हात घेतला. सगळा माणूस पेटलेला समोर होता, हातात पाणी होतं, आणि त्यांनी आधी खिळा शोधला होता.

त्याच संध्याकाळी दादा घरी आला. आम्ही ओट्यापाशी समोरासमोर बसलो.

"तुला खरंच वाटलं, मी लावली?" मी विचारलं.

"तुला नाही वाटलं, मी सांडलं?"

दादाने माझी पट्टी सोडली, नवी बांधली, आणि नंतर कितीतरी वेळ तो हात सोडलाच नाही.

आता दादा नाही, तो कारखानाही नाही. माझ्या तळहातावर मात्र ती बाही अजून आहे, वीण दिसेल इतकी स्पष्ट. घरात ऊन आलं की शेगडीपाशी जाताना मी उलटा हात पुढे करते. सुनेला वाटतं, सासूबाईंना आता नीट दिसत नाही. नातवंडांपैकी कुणी पडलं, रडलं, हाक मारली, की मी हातातलं असेल ते तिथेच टाकते. कपबश्या फुटल्या आहेत, दूध उतू गेलं आहे. हातातली वस्तू जागेवर ठेवायला अकरा आकडे लागतात, हे मी मोजून बघितलेलं आहे.